भुंग्यांचं समूहगान

प्रिय ताई,

बुधवारी संध्याकाळी मी फोन का उचलत नाही, असं तू मला कितीदा विचारलंस आणि दर वेळी मी थाप मारली. कधी शाळेतल्या मुलांची तालीम, कधी कुणाचं रेकॉर्डिंग. एकदा तर दाढ दुखतेय म्हणून सांगितलं आणि पुढचे आठ दिवस तू, डॉक्टरकडे गेलीस का, म्हणून माझा पिच्छा पुरवलास. आज खरं काय ते सांगायला बसले आहे. पत्रच लिहितेय, कारण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि सध्या तुझ्या घशाला तेवढेही श्रम द्यावेत असं वाटत नाही. परवा तुझा आवाज फारच बसलेला होता. तू म्हणालीस, समोर इमारतीचं काम चाललंय, त्याची धूळ. बरं, धूळ तर धूळ.

इकडे सगळं ठीक. माझ्या कामाच्या खोलीत आता पाय ठेवायला जागा उरलेली नाही. नवे स्पीकर आले, जुने टाकवत नाहीत, आणि वायरींचं तर जंगल झालंय. हे म्हणतात, ‘एक दिवस मी यात अडकून पडेन आणि तू आधी वायर तुटली का ते बघशील.’ खोटं कशाला बोलू, बघीनही. तुझ्या भाचीला परगावी नोकरी लागली. घर शांत झालंय. दिवसभर हेडफोन लावून मी चार आवाजांच्या रचना लिहीत बसते. एक ओळ खाली, एक वर, मधल्या दोन एकमेकींच्या पायात पाय घालतात आणि मी त्यांची भांडणं सोडवते. मुलांना समूहगान तू जन्मभर शाळेत शिकवलंस, तुला वेगळं काय सांगायचं.

हे वेड मला कुठून लागलं, असं परवा एका मुलीनं विचारलं. मी तिला बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानाबद्दल सांगितलं. आठवतं ना? रविवारी दुकान बंद असायचं आणि बाबा आपल्याला मागच्या दारानं आत सोडायचे. दुरुस्तीला आलेले दोन टेपरेकॉर्डर आपण समोरासमोर ठेवायचो. एकावर तू गायचीस. मग तो वाजवायचा आणि त्याच्यासोबत दुसरी ओळ गात दुसऱ्यावर भरायचं. मग तो वाजवून तिसरी. मी बटणं दाबायची, तू गायचीस, कारण माझा आवाज तेव्हाही पत्रा घासल्यासारखाच होता. चौथ्या फेरीला खरखर इतकी वाढायची की गाणं पिठाच्या गिरणीत चाललंय असं वाटायचं. पण त्या खरखरीच्या आत चार ताया उभ्या असायच्या आणि एकीला दुसरीची गरज असायची. तिथे पहिल्यांदा मला कळलं, की एकट्या ओळीला नसलेला अर्थ दुसरी ओळ शेजारी आली की येतो. बाबा स्क्रूड्रायव्हर तोंडात धरून ऐकायचे. ते कधी छान म्हणाले नाहीत. पण ते टेपरेकॉर्डर मालकांना परत द्यायला दोन आठवडे उशीर करायचे.

तर बुधवार. इथल्या एका दवाखान्यात वाचा-उपचाराची खोली आहे. ज्यांचं स्वरयंत्र कॅन्सरमुळे पूर्ण काढून टाकावं लागलं, अशी माणसं तिथे बुधवारी जमतात आणि पुन्हा बोलायला शिकतात. त्यांच्या बाई, ज्यांना ती सगळी माणसं वाचाबाई म्हणतात, त्यांनी मला एकदा फोन केला होता. म्हणाल्या, ‘तुम्ही समूहगान बसवता, कॉम्प्युटरवर आवाजाचं काम करता, आमच्या गटासाठी काही करता येईल का?’ मी वेळ नाही म्हटलं. खरं तर मला भीती वाटली. मग काही महिन्यांनी मीच उलटा फोन केला आणि जाऊ लागले. का गेले, ते पुढे लिहिते.

पहिल्या दिवशी मी दाराशीच थबकले. छोटी खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, भिंतीशी पाण्याचा जार. प्रत्येकाच्या गळ्याशी, कॉलरच्या जरा वर, एक भोक. त्यावर जाळीचा पातळ रुमाल. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. नाकातोंडाचा फुप्फुसाशी संबंधच राहत नाही, त्यामुळे गरम चहावर फुंकर घालता येत नाही की शीळ वाजवता येत नाही. हसताना खांदे गदगदतात, आवाज येत नाही. रडतानाही तसंच. बोलण्यासाठी बहुतेकांकडे हातात मावेल असं एक यंत्र होतं, दाढीच्या मशीनसारखं. ते हनुवटीखाली टेकवून बटण दाबलं की गुणगुणतं. ती गुणगुण तोंडात शिरते आणि ओठ, जीभ, दात हलवून तिचे शब्द करायचे. एकसुरी, यंत्रातून आल्यासारखे, पण शब्द. त्या यंत्राला सगळे भुंगा म्हणतात. ‘माझा भुंगा चार्जिंगला लावलाय’, ‘तुझ्या भुंग्याला आज सर्दी झालीय’, असं चालू असतं.

दोघांची ओळख करून देते. एक लिलाववाले काका. मोठ्या बाजारात मालाचा लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेला. ते भुंगा वापरत नाहीत. ते हवा गिळतात आणि ढेकर काढून त्या ढेकरेवर बोलतात. काकू मला म्हणाल्या, ‘जन्मभर सांगत होते चारचौघांत ढेकर देऊ नका, आता देवानंच परवानगी दिली.’ दुसऱ्या ऑपरेटरबाई. टेलिफोनच्या कचेरीत बसून त्यांनी हजारो माणसांना जोडून दिलं. त्यांचं दुःख ऐकशील तर काळजात कळ येईल. आता त्यांनी कुठेही फोन केला, की समोरचा माणूस दोन शब्द ऐकतो आणि फोन ठेवतो. कुणाला वाटतं मशीन बोलतंय, कुणाला वाटतं कुणी थट्टा करतंय. गॅसचा नंबर लावायचा तरी त्यांना शेजारणीकडे जावं लागतं.

मला वाटलं, हे तर माझंच काम. मी माइक, लॅपटॉप घेऊन गेले, प्रत्येकाला एक एक ओळ बोलायला लावली आणि घरी येऊन बसले. भुंग्याचा सूर सरळ रेषेसारखा असतो, तो सॉफ्टवेअरमध्ये वर-खाली नेणं सोपं. मी गुणगुण धुऊन काढली, सुरांना वळणं दिली, थोडा कंप घातला, थोडी घुमटाखालची गाज दिली. चार आवाजांचं असं समूहगान झालं की ऐकून मीच खूष. पुढच्या बुधवारी मोठ्या स्पीकरवर लावलं. संपल्यावर लिलाववाले काकांनी हवा गिळली आणि विचारलं, ‘फार छान. कोण गातंय?’ मी म्हटलं, ‘तुम्हीच की!’ त्यांनी नकारार्थी मान हलवली. रागानं नव्हे. चुकीच्या पत्त्यावर आलेलं पार्सल परत करावं, तशी. ऑपरेटरबाई म्हणाल्या, ‘दुसऱ्या बाईचे कपडे घालून मिरवायला गेल्यासारखं वाटलं हो. कपडे सुरेख होते.’

त्या दिवशी मी चिडले, ताई. तुला माझा स्वभाव माहीत आहे. आठवडाभराचं काम पाण्यात गेलं होतं. वाटलं, जाऊ दे, नाही जमत. पण पुढच्या बुधवारी उठून पुन्हा गेले, आणि त्या दिवशी हजेरी घेताना गंमत झाली. वाचाबाईंनी सगळ्यांना एकदम ‘आलो’ म्हणायला सांगितलं आणि पाच-सहा भुंगे एकत्र वाजले. एक खाली, एक वर, आणि त्यांच्यात अचानक षड्ज-पंचम लागला. योगायोगानं लागलेला, पण असा पक्का की पाण्याच्या जारला कंप सुटला. मी ओरडलेच, ‘थांबा, कुणी बटण सोडू नका!’

प्रत्येक भुंग्याच्या पोटात एक बारीक स्क्रू असतो, सूर कमी-जास्त करायला. मी बाबांची लेक. पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले आणि एक एक भुंगा लावून दिला. कुणी षड्ज, कुणी गंधार, कुणी पंचम. प्रत्येकाला एकच सूर, पण तो त्याचा. चाल पुढे न्यायची तर एकानं एक अक्षर म्हणायचं आणि दुसऱ्यानं पुढचं, म्हणजे शब्द माणसामाणसांतून चालत जातो. काकांची ढेकर खर्जाला. कॉम्प्युटर मी आता एवढ्यासाठीच वापरते, की घरी सगळ्यांचे सूर त्यात घालून कुणानंतर कोण यावं ते जुळवून बघते, आणि प्रत्येकाला त्याची जागा कानात बसावी म्हणून सरावाची फाइल पाठवते. गुणगुण धुवायची नाही, असं ठरलं. शब्द त्यांनीच दिले. ऑपरेटरबाईंचेच होते खरं तर. ‘हॅलो, कोण बोलतंय? फोन ठेवू नका. मी माणूसच बोलतोय.’ बायका म्हणाल्या, आम्ही ‘बोलतेय’ म्हणणार. त्यावरून तासभर वाद झाला. शेवटी दोन्ही ठेवलं आणि त्या दोन शब्दांची टक्कर होते, तीच जागा रचनेत सगळ्यात चांगली झाली.

या सगळ्यात एक दिवस एक निवेदक आले. रेडिओवर बातम्या वाचायचे. नाव सांगत नाही. आवाज ऐकलास तर लगेच ओळखशील, किंवा ओळखलं असतंस. त्यांना शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन झाला होता, तरी गाठ पुन्हा आली होती, आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं सांगितलं होतं. वाचाबाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं, की ऑपरेशनच्या आधी ही माणसं बघून घ्या. ते मागच्या खुर्चीवर ताठ बसले. पूर्ण तालीम ऐकली. जाताना जिन्यात माझ्याशी बोलले. आवाज चिरलेला, पण त्याही चिरेतून प्रत्येक शब्द घासून-पुसून ठेवलेल्या भांड्यासारखा लखलखीत. म्हणाले, ‘बाई, तुमचं कौतुक वाटतं. पण मला हे जमणार नाही. मी आवाजासकट जाईन.’ मला ते वाक्य तेव्हा भारी वाटलं. असा माणूस असा अभिमान बाळगणारच, असं वाटलं. त्यांच्याशी वाद घालायचा मला हक्कही नव्हता. मी नमस्कार केला आणि ते जिना उतरून गेले.

मग कार्यक्रम झाला. दवाखान्याच्याच हॉलमध्ये, दुपारी. घरची माणसं, काही नर्सेस, दोन-तीन डॉक्टर, आणि चुकून शिरलेले एक गृहस्थ, जे एक्स-रेची खोली शोधत होते आणि शेवटपर्यंत बसले. सुरुवात बरी झाली. मधल्या भागात ऑपरेटरबाईंची पाळी आली आणि त्यांचा भुंगा बंद पडला. बॅटरी गेली. त्यांचं तोंड हलत होतं, ‘माणूस’मधला ‘मा’ ओठांवर दिसत होता, पण ऐकू येईना. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. कुणीतरी पुन्हा फोन ठेवून दिला होता. तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या शिंपीदादांनी स्वतःच्या गळ्यावरचा भुंगा काढला, हात लांब करून बाईंच्या हनुवटीखाली टेकवला आणि बटण दाबलं. बाईंनी ‘मी माणूस’ म्हटलं. सूर अर्थात शिंपीदादांचा, बाईंच्या जागी तो बसत नव्हता. सगळी जुळवाजुळव कलली. मग दादांनी तो परत आपल्या गळ्याला लावून ‘च बोलतोय’ म्हटलं. पुन्हा बाईंकडे, पुन्हा स्वतःकडे. शेवटपर्यंत दोघं एका भुंग्यावर गायली. काकू पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्या कलत्या सुरांत मी उभी होते आणि हाताने ताल देत होते. मला एकही सूर दुरुस्त करावासा वाटला नाही. कार्यक्रमानंतर मी कागदावरच बदल केला. ती जागा आता तशीच गायली जाते.

दुसऱ्या आठवड्यात वाचाबाई म्हणाल्या, निवेदक वरच्या मजल्यावर ॲडमिट आहेत. मी भेटायला गेले. मला वाटलं होतं, तोच आवाज ऐकू येईल, थोडा अजून चिरलेला. ताई, आवाज केव्हाच गेला होता. गाठ वाढून श्वास कोंडला, म्हणून घाईघाईनं गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागली होती. म्हणजे जे टाळायचं होतं ते सगळं झालंच होतं. फक्त गाठ आतच होती. वाचाबाईंनी त्यांना विचारलं, भुंगा लावून बघायचा का? त्यांनी डोळ्यांनी हो म्हटलं. बाईंनी तो त्यांच्या गालाला लावला. पहिला शब्द बायकोला म्हणाले, ‘खिडकी.’ त्या धावत जाऊन खिडकी उघडून आल्या. नवऱ्याचं काहीतरी ऐकायला मिळालं, म्हणून त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मग डॉक्टर आले. निवेदकांनी स्वतःच्या हातानं भुंगा धरला, नीट टेकवला आणि सावकाश, एक एक अक्षर सुटं करून विचारलं, ‘आता ऑपरेशन होईल का?’

डॉक्टर पलंगावर बसले. त्यांनी निवेदकांचा हात हातात घेतला. नाही म्हणाले.

ते गेले तेव्हा मी इथेच होते. अंत्यदर्शनाला सगळा बुधवारचा गट आला. भुंगे खिशात ठेवून.

आता मी का जाऊ लागले, ते. तुझ्या गळ्याला शेक सुरू झाला त्या आठवड्यात मी वाचाबाईंना फोन केला होता. तू तेव्हा हसत सांगितलंस, ‘लवकर सापडलंय, शेकानं जाईल.’ मी हो हो म्हटलं. पण मला हात बांधून बसवेना. वाटलं, जे सगळ्यात वाईट होऊ शकतं ते आधी डोळ्यांनी पाहून घ्यावं. तुला सांगितलं नाही, कारण ऐकताना अभद्र वाटलं असतं. बहीण बरी होतेय आणि ही बया जाऊन काय बघते!

भावोजींनी मला सगळं सांगितलंय. त्यांच्यावर रागवू नकोस, ते फोनवर रडत होते. आणि भावोजी रडतात हे तुला तरी माहीत होतं का? धूळ नाही. गाठ परत आली आहे, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि तू ती रद्द करून आलीस. भावोजींना म्हणालीस, ‘जिनं जन्मभर गायला शिकवलं ती भोंग्यासारखी बोलणार नाही, मी आहे तशीच जाईन.’ ताई, हे वाक्य मी जिन्यात ऐकलंय. ते कुठे पोचतं तेही मी पाहिलंय. आवाज तुझ्यासोबत येणार नाही. तो तुझ्या आधी जाईल, आणि मग तू खिडकी उघड म्हणायलासुद्धा दुसऱ्याकडे बघशील. भावोजींचा फोन आला त्यानंतर मी एक गोष्ट केली. बाबांच्या जुन्या टेपा आणि तुझ्या शाळेतली रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला दिली. हल्ली तेवढ्यावर माणसाचा आवाज बनवता येतो. मी टाइप केलं, ‘जेवलीस का गं?’ आणि तू विचारलंस. हुबेहूब तू. तो ‘गं’ लांबवणंसुद्धा. मी बंद केलं आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहिले, कारण विचारणारं तिथे कुणी नव्हतं. मी उत्तर दिलं असतं तर ते ऐकायला कुणी नव्हतं. तुझा आवाज माझ्याकडे आहे, ताई, कपाटभर आहे, आणि मला तो नको आहे. मला तू हवी आहेस. भोंग्यासारखी बोल, ढेकर देऊन बोल, बोलूच नकोस, पण असायला हवीस. वाचाबाईंनी तुमच्याकडच्या डॉक्टरांशी बोलून घेतलंय. तारीख पुन्हा मिळते, पण फार थांबता येणार नाही. निवेदकांशी भांडायचा मला हक्क नव्हता, तुझ्याशी आहे, आणि मी तो पुरेपूर वापरणार आहे. हे पत्र पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी निघते. लिलाववाले काका आणि काकूही येताहेत, नको म्हटलं तरी ऐकेनात. मला बघून दार लावून घेशील हे मला ठाऊक आहे. लाव. आम्ही बाहेर पायरीवर बसू. तू दार उघडेपर्यंत बसू.

तुझीच,
धाकटी